संशोधकाने वर्षभर शिराळ्यात राहावे

निवासी फेलोशिप म्हणजे काय, असे पालक विचारतात. सोपे आहे. अभ्यासकाला ठरावीक काळ मानधन मिळते, राहायची सोय होते आणि त्याने एकच काम करायचे असते : हाती घेतलेल्या प्रश्नाचा अभ्यास. सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेत १९६५ पासून हे चालू आहे. व्हाइसरॉयच्या जुन्या निवासस्थानी देशभरचे अभ्यासक राहतात, वाचतात, लिहितात.

ग्रंथ लिहायला सिमल्याची शांतता चांगलीच. पण सार्वजनिक धोरणाचा अभ्यास करायचा असेल, तर मुक्काम प्रश्नाच्या गावी हवा, असे माझे ठाम मत आहे.

आपला तालुकाच बघा ना. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आणि पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे नागपंचमीला जिवंत नाग पकडण्यावर बंदी आली. नागाचा जीव वाचला, हे योग्यच झाले. पण पिढ्यान्‌पिढ्या नाग हाताळणाऱ्यांची जाण सर्पदंश टाळायला कशी वापरता येईल, हे कोण शोधणार? चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. धरणासाठी आणि जंगलासाठी गावे उठली. आज उसाच्या फडात बिबट्या दिसतो. विस्थापितांचे काय झाले, शेतकऱ्याने रात्री पाणी पाजायला कसे जायचे?

दोन दिवसांच्या पाहणीत याची उत्तरे मिळत नाहीत. पाहुण्याला आवडेल तेवढेच लोक पाहुण्याला सांगतात. भातलावणीपासून ऊसतोडीपर्यंत जो इथे राहील, त्याच्याजवळच माणसे मोकळी बोलतील.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण आहे. वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा प्रयोग तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केला. त्यातूनच राज्याची योजना उभी राहिली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २००५ मध्ये देशानेही तसा कायदा केला. देशाला उपयोगी पडलेली कल्पना आधी एका गावात तपासली गेली होती.

कुणी म्हणेल, आता आकडेवारी संगणकावर मिळते, मग मुक्कामाचा खर्च कशाला? आकड्यावरून किती घरे उठली ते कळते. नव्या वसाहतीत मुलींची शाळा का सुटली, हे त्या घरात बसूनच कळते.

म्हणून विद्यापीठांनी आणि शासनाने तालुक्याच्या ठिकाणी अशा फेलोशिप द्याव्यात. अट दोनच : वर्षभर मुक्काम, आणि शेवटी ग्रामसभेत मराठीतून अहवालाचे वाचन.

आणि शिक्षक-पालकहो, हा अभ्यासक बाहेरूनच यावा असे थोडेच आहे? राज्यात मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली, ती तरुण पदवीधरांसाठीच. आपल्या वर्गातली मुलगी उद्या म्हणाली, "मला धोरणाचा अभ्यास करायचाय," तर "कायमची नोकरी आहे का?" हे जरूर विचारा. फेलोशिप संपते, ही काळजी खरीच आहे. पण त्याआधी एवढे विचारा, "बाळ, कुठला प्रश्न सोडवणार?"