वेदना म्हणजे 'भोग' नव्हे : एमबीबीएसच्या वर्गाला आमचा सवाल

"आता काही करण्यासारखे नाही, घरी न्या." सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात आमच्या वस्त्यांतील माणसे हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकत आली आहेत. आमची या वाक्याला हरकत आहे. रोग बरा होणार नाही, हे खरे असू शकते. करण्यासारखे काही नाही, हे मात्र साफ खोटे आहे. डॉक्टर ते दुष्टपणाने बोलत नाही. साडेपाच वर्षांत त्याला पुढचे काही नीट शिकवलेलेच नसते.

काय करता येते? तोंडाच्या कॅन्सरची जखम सडते, वासामुळे नातवंडे जवळ येत नाहीत. मेट्रोनिडेझोलच्या स्वस्त गोळीची पूड जखमेवर वापरली की तो वास कमी होतो. असह्य वेदनेवर मॉर्फिनची गोळी डॉक्टरच्या देखरेखीखाली वेळच्या वेळी दिली, तर माणूस रात्री झोपतो. यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. सिसिली सॉन्डर्स या ब्रिटिश डॉक्टरने सांगितले की वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि परिस्थितीची मिळून एकच असते. बुडालेली मजुरी आणि सावकाराचे कर्जही रुग्णाला दुखते, हे आम्हाला कोणत्या पुस्तकातून शिकावे लागले नाही.

मग अडले कुठे? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचे इतके कुंपण घातले की डॉक्टरांच्या पिढ्या ते न वापरताच निवृत्त झाल्या. औषधी अफू आपल्याच देशात सरकारी परवान्याने पिकते आणि आपलीच माणसे तळमळत मरतात! २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. त्याआधी २०१२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. २०१९ च्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात भूलशास्त्राखाली मरणासन्न रुग्णाच्या वेदनाशमनाचा उल्लेखही आला. पण उल्लेख म्हणजे शिक्षण नव्हे. जे परीक्षेत विचारले जात नाही ते विद्यार्थी वाचत नाही. या विषयात एमडी करता येते, हे खरे. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात एमडी नसतो, एमबीबीएस असतो.

आता मूळ प्रश्न. डॉक्टर शिकतात कोणाच्या शरीरावर? सरकारी वॉर्डातल्या गरिबाच्या. त्याचे पोट दाबून, त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावून, त्याच्याभोवती दहा-दहा जणांनी उभे राहून तुम्ही डॉक्टर होता. त्या माणसाचे तुमच्यावर ऋण आहे. तो शिकवण्याच्या उपयोगाचा असेपर्यंत खाट द्यायची आणि मरायला लागला की डिस्चार्ज कार्ड हातात ठेवायचे, हा कोणता न्याय?

आमच्याच चळवळीतले काही मित्र म्हणतात, "आधी आमच्या लोकांना उपचार द्या, सुखाच्या मरणाच्या गोष्टी नंतर." या शंकेत दम आहे. उपचार टाळण्यासाठी कोणी पॅलिएटिव्ह केअर पुढे करत असेल, तर त्याला आमचा विरोधच राहील. पण केरळकडे पाहा. १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेले काम गावोगावच्या स्वयंसेवकांनी वाढवले आणि २००८ मध्ये राज्याचे धोरण बनले. तिथे ही सेवा सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेला जोडून उभी राहिली, तिला पर्याय म्हणून नव्हे. उपचाराचा हक्क मागणाऱ्याने वेदनाशमनाचा हक्क का सोडावा?

'मागच्या जन्माचे भोग' म्हणून वेदना सोसायला लावणारी शिकवण बाबासाहेबांनी नाकारली. अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुऊन काढले. तो कोणाच्या उपयोगाचा नव्हता म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. आजचा वॉर्ड वेगळा आहे का?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. अंतिम परीक्षेत या विषयावर सक्तीचा प्रश्न असावा. इंटर्नशिपमध्ये काही दिवस घरभेटींसाठी राखावेत. कुटुंब दत्तक कार्यक्रमात विद्यार्थ्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे घर टाळू नये. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मॉर्फिन असावे आणि ते लिहून कसे द्यायचे, हे विद्यार्थ्याने रुग्णासमोर शिकावे.

संविधानाचे कलम २१ आम्हाला प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क देते. शेवटचा महिना हाही जगण्याचाच भाग आहे.

जय भीम!