सामाईक विहीर

मराठवाड्यात शाखाधिकारी असताना शेतीकर्जाच्या प्रकरणांबरोबर सातबाऱ्याचे उतारे माझ्या टेबलावर येत. अनेकांच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात एक नोंद असे : ‘सामाईक विहीर, हिस्सा चार आणे.’ भाऊबंदांमध्ये पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत. पाळीवरून भांडणे होत, कधी डोकीही फुटत. पण विहिरीत डोकावले की पाणी किती उरले ते सगळ्यांनाच दिसे, आणि ते सगळ्यांचे आहे याविषयी कुणाला शंका नसे.

मग बोअर आली. 1972च्या दुष्काळात माणसांना प्यायला पाणी मिळावे म्हणून गावोगाव हापसे बसले, ते योग्यच होते. पुढे तेच तंत्र विजेच्या पंपाला जोडून शेतात उतरले. सहा इंचांच्या भोकात डोकावून पाणी दिसत नाही. ज्याच्या बांधाआड बोअर, त्याचे पाणी, असा हिशेब रूढ झाला.

विहिरी आणि बोअरच्या कितीतरी प्रकरणांवर माझी सही आहे. दोन विहिरींमध्ये किती अंतर हवे, याचा नियम तेव्हाही होता आणि कागदावर आम्ही तो पाळतही होतो. पण सावकाराकडून पैसे उचलून रातोरात तमिळनाडूची बोअरची गाडी शेतात उभी करणाऱ्याला अंतर कोण विचारणार? एका शेतकऱ्याची दोनशे फुटांची बोअर शेजाऱ्याच्या तीनशे फुटांमुळे आटली. तो नव्या कर्जासाठी आला, तेव्हा त्याला चारशे फूट जायचे होते. तारण पुरेसे होते, मी कर्ज मंजूर केले. त्या दोघांचे पाणी एकच आहे, हे लिहायला आमच्या अर्जात रकाना नव्हता.

आपला बहुतेक महाराष्ट्र काळ्या पाषाणावर वसला आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. खाली अखंड कातळ. वरचे पाणी हे बचत खाते. पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यात रिकामे होते. खोल भेगांतले पाणी ही पूर्वजांची मुदत ठेव. ती मोडली तर एका पावसाळ्यात भरून येत नाही. आपण हप्ता फेडायला ती मोडत आलो.

अशा वेळी उसाकडे बोट दाखवणे सोपे असते. राज्यातल्या पिकांखालच्या जमिनीपैकी सुमारे 4 टक्क्यांवर ऊस आहे आणि तो सिंचनाचे सुमारे 70 टक्के पाणी घेतो, याकडे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेही लक्ष वेधले आहे. पण शेतकरी वेडा नाही. उसाला ठरलेला दर आहे, कारखान्याची गाडी बांधावर येते. तुरीला आणि ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने घेणारा भेटेलच असे नाही. त्यात 2024पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत झाली. पंप बंद करण्याचे उरलेसुरले कारणही गेले.

या हिशेबाचा ताळेबंद एप्रिल 2016मध्ये लातूरच्या स्थानकावर उभा राहिला. मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर तोडून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला 5 लाख लिटर. अनेक शेतकऱ्यांची मुले शहरात शिकायला राहतात. त्यांच्या घागरी ज्या पाण्याने भरायच्या, त्याचा काही भाग गावाकडच्या शेतातच उपसला गेला होता.

कायदा नाही असे नाही. राज्याच्या 2009च्या भूजल कायद्याने शेतीसाठी 60 मीटरहून, म्हणजे सुमारे 200 फुटांहून, खोल विहीर खणायला मनाई केली आहे. तरी पाचशे-सातशे फुटांच्या बोअर आपण सगळेच पाहतो. पोलीस पाठवून हे थांबणार नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने वेगळी वाट धरली. पोपटराव पवार 1989मध्ये सरपंच झाले. त्यानंतर गावाने पाणी अडवले, जिरवले. हे पुष्कळांनी केले. पण या गावाने उपशालाही लगाम घातला. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पावसाळा संपला की पाण्याचा अंदाजपत्रक मांडायचा : आधी माणसे आणि गुरे, उरेल त्यावर पिके ठरवायची. पाऊस कमी तर पिकेही कमी.

हे करायला मन घट्ट लागते, आणि ते एकट्या शेतकऱ्याकडून मागणे अन्यायाचे आहे. तूर-ज्वारीची खरेदी खात्रीची व्हायला हवी, आणि कर्ज देणाऱ्यानेही तारणाबरोबर गावातल्या पाण्याची चौकशी करायला हवी. मी ती केली नाही.

सातबाऱ्यावरची ती जुनी नोंद मला आता वारंवार आठवते. विहिरी बुजल्या, वाटण्या झाल्या, नोंदी कमी झाल्या. जमिनीखालचे पाणी मात्र सामाईकच राहिले आहे. त्यात आपला हिस्सा किती आणे, एवढे ठरवायचे बाकी आहे.