वसंतातले कोकण आणि वऱ्हाडचे घर

होळी आटोपली, रानातला पळस फुलून ओसरला आणि उन्हाचा चटका अंगणापर्यंत आला, की वऱ्हाडातील सुखवस्तू घरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. यात नवे काही नाही. नवा आहे तो प्रवासाचा हेतू. पूर्वी मंडळी गणपतीपुळ्याचे दर्शन घेत, समुद्रात पाय भिजवीत आणि परत येत. आता श्रीवर्धन, दिवेआगर, हर्णै, दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ले अशा लहान गावांतून हिंडताना ती विकाऊ वाडीची चौकशी करतात, चिऱ्याच्या बांधकामाचा दर विचारतात, आणि रात्री मुक्कामाच्या घरी ओसरीवर बसून पती-पत्नी हलक्या आवाजात हिशेब मांडतात, की अकोल्याचे घर विकले तर येथे काय काय होऊ शकेल. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाल्यामुळे अंतराची धास्तीही पूर्वीइतकी उरलेली नाही.

कोणी कोठे राहावे हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न. मग त्याची चर्चा पहिल्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की या निर्णयात एका बाजूस कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी पणास लागते आणि दुसऱ्या बाजूस एका नगराची जाणती, अनुभवी पिढी. दोन्ही गोष्टी हसण्यावारी नेण्याजोग्या नाहीत.

ही ओढ खोटी आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ज्या शहरात २०२४ च्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पार गेला आणि उन्हापासून माणसांना वाचविण्यासाठी जिल्हा प्रशासनास कलम १४४ खाली आदेश काढावा लागला, त्या शहरातील वृद्धाने समुद्राच्या वाऱ्याचे स्वप्न पाहू नये तर काय करावे? दंग्याधोप्यासाठी राखून ठेवलेले कलम सूर्यासाठी वापरण्याची पाळी यावी, यातच सर्व आले. उलट फाल्गुन-चैत्रातले कोकण पाहा. आंब्याचा मोहोर धरून कैऱ्या लोंबू लागलेल्या असतात, काजूच्या बोंडांनी वाटा रंगतात, दक्षिणेकडे सुरंगीचा वास हवेत भरतो, शिमग्याच्या पालख्या दारोदार येतात. मंडणगड तालुक्यातील वेळास गावी तर वाळूतून निघालेली कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहावयास लांबलांबून लोक जमतात. हे सर्व पाहून ज्याचे मन हलणार नाही तो माणूस दगडाचाच म्हणावयाचा.

परंतु लग्नघरी भेटलेल्या माणसावरून त्याच्या संसाराची परीक्षा करू नये, हा व्यवहाराचा नियम गावासही लागू आहे. वसंतातले कोकण म्हणजे ठेवणीतले वस्त्र नेसून उभे राहिलेले कोकण होय. जो तेथे वर्षाचे बारा महिने काढणार आहे, त्याने त्याची रोजची वस्त्रेही पाहून घेतली पाहिजेत.

त्यातले पहिले पाण्याचे. अकोल्यास वर्षाकाठी सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ३००० मिलिमीटरहून अधिक. हे आकडे वाचून आपल्या माणसास वाटते, की पाण्याची चिंता ती आपण, तेथे कसली! पण जांभ्या दगडाची भूमी पाणी धरून ठेवीत नाही, आणि सह्याद्रीतून निघालेल्या आखूड नद्या ते पाहता पाहता समुद्रास नेऊन देतात. वैशाखात तेथील कित्येक वाड्यांवरील विहिरींचा तळ दिसू लागतो आणि टँकरची वाट पाहणारे हंडे रांगेत उभे राहतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात जन्म काढलेल्या माणसास हे दृश्य अनोळखी नाही. पण त्यापासून सुटका म्हणून जेथे जावयाचे तेथेच ते पुन्हा भेटावे, हे त्यास आधी ठाऊक असलेले बरे.

दुसरे पावसाचे आणि वादळाचे. आषाढात दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, लोखंड गंजते, पुस्तकांना बुरशी येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि चैत्रात गजबजलेला किनारा ओस पडतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पोफळीचे झाड लावल्यापासून उत्पन्न हाती येण्यास सहा-सात वर्षे लागतात. तेथील बागायतदाराने पुन्हा रोपे लावली. कारण ती भूमी त्याच्या आजाची होती. साठीत तेथे गेलेला नवा मालक पुन्हा रोप लावण्याचे बळ कोठून आणील, हा विचार सौदा करण्यापूर्वीच झाला पाहिजे.

तिसरे कागदपत्रांचे. १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याप्रमाणे जो शेतकरी नाही त्यास परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. वाडी म्हणून दाखविली जाणारी बरीचशी जमीन ही शेतजमीनच असते. कोकणातील सातबाऱ्यावर भावाभावांची, चुलत्यांची, सासरी गेलेल्या बहिणींची नावे दाटीने नांदत असतात आणि त्यांतील निम्मे खातेदार मुंबईत असतात. एकाने विकले म्हणून सर्वांनी विकले असे होत नाही. त्यावर १९९१ पासून किनाऱ्यावरील बांधकामास केंद्र सरकारच्या किनारा नियमनाचे निर्बंध आहेत. २०११ व २०१९ मध्ये त्या अधिसूचना बदलल्या, निर्बंध मात्र गेले नाहीत. लाटा पायाशी येतील अशी जागा दाखविणारा दलाल हे सांगेलच असे नाही. चौथी गोष्ट वयाची. अकोल्यास २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि रिक्षाने पाच-दहा मिनिटांत रुग्णालय गाठता येते. खाडीपलीकडच्या गावात मध्यरात्री छातीत कळ आली, तर मोठ्या इस्पितळापर्यंतचा वळणावळणाचा रस्ता किती लांब वाटतो, हे तेथील म्हाताऱ्या माणसांसच विचारावे.

इतके झाल्यावरही ज्यास जावयाचे आहे त्याने अवश्य जावे. दापोलीस निवृत्तांची वस्ती काही आजची नाही. इंग्रजी अमदानीच्या प्रारंभी तेथे लष्कराचा तळ पडला आणि पुढे पेन्शनर शिपायांची तेथे वस्ती झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हेही सेनेतून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीस राहिले. पण चरितार्थासाठी त्यांस पुढे साताऱ्याकडे जावे लागले. हवा चांगली असली तरी गाव माणसास धरून ठेवतेच असे नाही, हे सत्य इतके जुने आहे.

आणि येथेच खरा प्रश्न उभा राहतो. ज्या कोकणात आपण घर बांधू पाहतो, ते स्वतःच रिकामे होत चालले आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. चाकरमानी मुंबईस गेला, त्याच्या घरास कुलूप लागले आणि गणपती-शिमग्यापुरते ते उघडू लागले. त्या कुलूपबंद घरांच्या शेजारी आपण आणखी एक, वर्षातून दोन महिने उघडणारे घर बांधणार असू, तर आपण त्या गावी वस्ती केली असे होत नाही. तेथील तरुणास जमिनीचा भाव तेवढा परवडेनासा केला असे होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणातून आणि देशावरून कारकून, वकील, शिक्षक वऱ्हाडात आले. त्यांतले जे येथील शाळांत शिकवू लागले, येथील बोली बोलू लागले, येथील दुष्काळात येथील लोकांबरोबर उभे राहिले, ते वऱ्हाडी झाले. हाच न्याय उलट दिशेनेही लागू आहे. वेळासच्या कासवांची अंडी जपली गेली ती स्थानिक निसर्गप्रेमी आणि गावकरी यांच्या मेहनतीने. अशा गावास नव्या बंगल्याची गरज नसेल. शाळेतल्या मुलास गणित शिकविणाऱ्या निवृत्त शिक्षकाची मात्र असू शकेल.

आता दोन शब्द आपल्या नगरास. जाणारा माणूस काही वैर धरून जात नाही. तो सावली शोधीत जातो. ती सावली येथे का उरली नाही, याचा जाब त्यास नव्हे, आपणास द्यावयाचा आहे. रस्ते रुंद करताना तोडलेल्या कडूनिंबाच्या जागी किती झाडे लावली आणि त्यांतील किती जगविली? २०१८ च्या जानेवारीत हजारो अकोलेकर मोर्णेच्या पात्रात उतरून जलकुंभी काढू लागले, तेव्हा साऱ्या देशाने त्यांची वाखाणणी केली. तो उत्साह नित्याच्या कामात उतरला काय? काटेपूर्णेचे पाणी सर्व वस्त्यांस नेमाने आणि पुरेसे मिळते काय? दुपारी विसाव्यास बसता येईल असे वाचनालय, संध्याकाळी पायी फिरता येईल असा रस्ता, ही काही समुद्रासारखी निसर्गाची देणगी नव्हे. ती महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकातून निर्माण होऊ शकतात. शिवाय ज्यांस कोकणात वाडी घेणे परवडते ते जातील. ज्यांस परवडत नाही, त्या हमालास, मोलकरणीस, हातगाडीवाल्यास ४५ अंशांत येथेच राहावयाचे आहे. शहाणीसुरती, चार शब्द ऐकवू शकणारी माणसे निघून गेली, तर त्यांच्या वतीने बोलावयाचे कोणी?

म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या मंडळींस आमची सूचना एवढीच, की वसंतात पाहिलेले गाव वैशाखाच्या अखेरीस पुन्हा पाहावे, आषाढात तिसऱ्यांदा पाहावे. जमले तर एक वर्ष भाड्याच्या घरात काढावे, आणि तोवर अकोल्याचे घर विकू नये. त्या वर्षात तेथे आपले म्हणण्याजोगे एखादे काम सापडले तर खुशाल मुक्काम हलवावा. वऱ्हाडचा आशीर्वाद पाठीशी आहे. न सापडले तर परत यावे. आणि नगराच्या कारभाऱ्यांनी असे काही करून ठेवावे, की परत येणाऱ्यास दारातल्या झाडाखाली पाच मिनिटे बसता येईल.