वेताळ, व्हँपायर आणि मराठी समीक्षेची उसनी भीती

मराठी समीक्षा ड्रॅक्युलाला ओळखते. त्याच्या चित्रकथेला मात्र ती ओळख दाखवीत नाही. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीत भांडवलाचे रूपक पाहणारा फ्रँको मोरेत्ती आणि अद्भुताची व्याख्या वाचकाच्या संदिग्ध अवस्थेतून करणारा त्स्वेतान तोदोरोव्ह यांची नावे पदव्युत्तर प्रबंधांत आदराने येतात. पण त्याच व्हँपायरने चित्रचौकटीत पाऊल टाकले की प्रबंधकार वही मिटतो. या वही मिटण्यालाच अभिरुची असे नाव दिले गेले आहे. वस्तुतः ती अभिरुची नव्हे, तो न तपासलेला पूर्वग्रह आहे. आणि गमतीचा भाग असा की तो पूर्वग्रहही स्वदेशी नाही.

भयकथांच्या सचित्र मालिकांवर तीन निवाडे दिले जातात. पहिला, हा प्रकार बालिश आणि म्हणून समीक्षाबाह्य आहे. दुसरा, तो परका, आयात केलेला आहे. तिसरा निवाडा पहिल्या दोहोंविरुद्ध बंड केल्याचा आव आणतो: व्हँपायर मुळात आमचाच, तो म्हणजे आमचा वेताळ. हे तिन्ही निवाडे एकाच आळसाची अपत्ये आहेत. तिन्हींत कोणीही मालिकेचा पहिला अंक उघडून वाचलेला नसतो.

प्रथम परकेपणाचा आरोप घ्यावा. १९५४ साली अमेरिकेत फ्रेडरिक वर्थमचे चित्रकथांवर बालगुन्हेगारीचा ठपका ठेवणारे पुस्तक गाजले आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर जी आचारसंहिता लादून घेतली तिने व्हँपायरला चित्रकथेतून हद्दपार केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ग्लासगो शहराच्या गॉर्बल्स वस्तीतील मुले लोखंडी दातांच्या व्हँपायरच्या शोधात दफनभूमीत शिरली. दोष अमेरिकन भयचित्रकथांवर ढकलण्यात आला आणि १९५५ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला. मात्र लोखंडी दातांचा तो व्हँपायर नेमका कोणत्या चित्रकथेत होता हे तेव्हा दाखवता आले नाही. लोखंडी दातांचे प्राणी सापडले ते मुलांच्या क्रमिक पुस्तकातील एका स्कॉटिश कवितेत आणि बायबलमध्ये. म्हणजे भय शिष्टमान्य वाङ्मयातूनही आलेले असू शकते, पण शिक्षा झाली चित्रकथेला. पाठोपाठ १९५६ साली भारतातही अल्पवयीनांसाठी हानिकारक प्रकाशनांविषयीचा कायदा झाला. त्यात चित्रांच्या साहाय्याने वा केवळ चित्रांतून सांगितलेल्या, किळसवाण्या वा भयानक प्रसंगांच्या कथांचा स्पष्ट निर्देश आहे. इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक निघाला तो मार्च १९६४ मध्ये. भारतात चित्रकथेची भीती इंद्रजालच्या आठ वर्षे आधी येऊन थांबली होती. जे समीक्षक या प्रकाराला आयात माल म्हणतात, त्यांची नापसंतीच आधीच्या जहाजाने आलेली आहे.

आता तिसऱ्या निवाड्याकडे वळणे आवश्यक आहे, कारण विद्यापीठीय वर्तुळात सध्या तोच अधिक रुबाबात वावरतो. त्याचा आधार बहुतेक वेळा एकच असतो: रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळकथांचे इंग्रजी रूपांतर करताना शीर्षकातच वेताळाला व्हँपायर म्हटले. पण बर्टनचे शीर्षक हा पुरावा नसून एक भाषांतरविषयक कृती आहे. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील कथासरित्सागरापासून सदाशिव काशीनाथ छत्र्यांच्या १८३०च्या मराठी वेताळपंचविशीपर्यंत जो वेताळ दिसतो तो प्रेतात वस्ती करतो, कथा सांगतो आणि शेवटी न्यायाचा प्रश्न टाकतो. त्याची भूक रक्ताची नाही, उत्तराची आहे. कोकणात आणि गोव्यात तर तो गावाची राखण करणारा देव आहे. अशा प्रश्नकर्त्याला व्हिक्टोरियन वाचकासाठी रक्तपिपासू ठरवणे ही वसाहतकालीन सोय होती. त्या सोयीला स्वाभिमानाचे प्रमाणपत्र मानणारा देशीवाद स्वतःच्याच व्याख्येत नापास होतो. भालचंद्र नेमाड्यांनी ज्या देशीकरणाचा विचार मांडला तो परक्या गोष्टीला आपल्या मातीत रुजवण्याचा होता. परक्याने दिलेले लेबल कपाळावर मिरवण्याचा नव्हे.

१९६४ साली याच भाषांतराची उलटी फेरी झाली. ली फॉकने १९३६ मध्ये निर्माण केलेला फँटम हिंदीत वेताल आणि मराठीत वेताळ झाला. इंग्रजाने वेताळाला व्हँपायर केले होते. भारतीय प्रकाशनाने एका मुखवटेधारी गोऱ्या वनरक्षकाला वेताळ केले. हे अजाणतेपणी घडले असे म्हणता येत नाही. भारतीय आवृत्तीत मूळ बंगालाचे डेंकाली झाले आणि सिंग चाच्यांचे नाव सिंगा असे बदलले गेले. ज्या शब्दांनी भारतीय वाचक दुखावला जाईल ते शब्द संपादकांना अचूक दिसत होते. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गोऱ्या घराण्याने जंगलातील जमातींवर राखलेले पालकत्व मात्र कोणालाही खटकले नाही, आणि त्या पालकत्वाला मराठी दैवताचे नाव देताना लेखणी अडखळली नाही. प्रश्न विचारणारा गेला, हुकूम देणारा आला. नाव तेच राहिले. मराठी समीक्षेने या अंकाला बालिश म्हणून बाजूला ठेवले. परिणामी साठोत्तरी काळातील एक अत्यंत बोलके भाषांतर अविवेचित राहिले.

व्हँपायर आणि मराठी भुते यांच्यातील फरक रचनेचा आहे. मुंजा, समंध, हडळ, जखीण ही मराठी भुतावळ पाहिली तर प्रत्येक भुतामागे एक अपुरा राहिलेला सामाजिक हिशेब आढळतो. मुंज झाली पण लग्न राहिले, धन राहिले पण वारस नाही, बाळंतपणात जीव गेला. जात, वय, लिंग आणि मालमत्ता यांच्या चौकटीत हे भूत जन्मते आणि हिशेब पुरा झाला की सुटते. ते झाड धरते, माणूस झपाटते. पण झपाटलेल्या माणसाचा मुंजा होत नाही. व्हँपायरचे तत्त्व याच्या नेमके उलट आहे. तो आपल्या बळीला आपल्यासारखा करतो. त्याचे भय संसर्गाचे आहे. म्हणून ‘पिशाच’ हा प्रतिशब्द संसर्ग गाळतो आणि ‘रक्तपिपासू’ हा शब्द केवळ आहार सांगतो. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या १९७५च्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ बेतली, तेव्हा हा संसर्ग मराठी वस्तीत कसा फिरेल हा खरा प्रश्न होता. त्या प्रश्नाची चर्चा करण्याऐवजी समीक्षेने ‘रूपांतर’ असा शिक्का मारला आणि पुढे पाहिले.

संसर्गाचे हे तत्त्व पहिल्या अंकात कसे कार्य करते हे पाहण्यासाठी मार्व्हलच्या ‘टूम ऑफ ड्रॅक्युला’कडे जावे लागते. १९७१ मध्ये आचारसंहिता सैल झाली आणि व्हँपायर परतला. पण अट अशी की त्याने अभिजात वाङ्मयाच्या, शाळांतून वाचल्या जाणाऱ्या लेखकांच्या परंपरेत वागावे. चित्रकथेतील भुताला वाङ्मयीन कुळाचा दाखला सादर करावा लागला. त्याआधी सप्टेंबर १९६९ मध्ये ‘व्हँपिरेला’ने मासिकाचा मोठा आकार घेऊन ही संहिताच टाळली होती. एप्रिल १९७२च्या ‘टूम ऑफ ड्रॅक्युला’च्या पहिल्या अंकात, गेरी कॉन्वेची संहिता आणि जीन कोलनची चित्रे यांतून, फ्रँक ड्रेक हा पैसा गमावलेला वंशज वडिलोपार्जित किल्ला पाहायला येतो. त्याच्या मित्राच्या मते किल्ल्यावर पर्यटकांकडून पैसा मिळवता येईल. तोच मित्र सांगाड्यातील खुंट उपसतो आणि ड्रॅक्युला उठतो. भय येथे परक्या आक्रमकाच्या रूपात दार ठोठावीत नाही. ते वारसाहक्काच्या कागदांतून येते. मालमत्ता विकायला निघालेल्या वारसाला कळते की मालमत्तेसोबत मालकही मिळाला आहे.

पहिल्या अंकाचे शास्त्र असे की त्याने भूत मोकळे करावे, पण संपवू नये. ही मालिका १९७९पर्यंत सत्तर अंक चालली ती या तत्त्वावर. आणि येथेच वेताळाशी असलेले खरे नाते सापडते. राजाने मौन मोडले की वेताळ पुन्हा झाडाला लटकतो, आणि राजा पुन्हा त्या झाडाकडे चालू लागतो. उत्तर मिळणे हाच कथेचा शेवट न होता पुढील कथेचा आरंभ होतो. मालिकेचा रूपबंध मराठी वाचकाला न्यूयॉर्कने शिकवलेला नाही. तो पंचवीस वेळा झाडाकडे परतून आधीच शिकला होता. नाते रक्ताचे नाही, रचनेचे आहे. बर्टनच्या शीर्षकावर कुळकथा रचणाऱ्यांनी हे पाहिले नाही, कारण कुळ शोधणाऱ्याला रूप दिसत नाही.

या साऱ्या वादाची कसोटी पुण्या-मुंबईच्या चर्चासत्रात लागणार नाही. ती तेल्हाऱ्यासारख्या गावी लागेल. अकोला जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याकडील हा तालुका पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याशी जोडलेला आहे. या पट्ट्यात विहिरीला पाणी लागते आणि ते पिण्याच्या कामाचे नसते. कापसाच्या या मुलखात मृताच्या नावावरचे कर्ज वारसाच्या दारी येते, सातबाऱ्यावरील बोजा पिढी ओलांडतो. संसर्गाचे भय येथे अनोळखी नाही; ते भुतावळीत नसून खातेवहीत आहे. फ्रँक ड्रेकचा किल्ला तेल्हाऱ्याच्या वाचकाला परका वाटेल, पण वारसाची अवस्था वाटणार नाही. मोरेत्तीचा सिद्धांत पाठ असलेल्या अभ्यासकाला हा दुवा दिसू नये, यात सिद्धांताचा दोष नाही. तो सिद्धांत कोठे लावायचा याचा नकाशाच संकुचित आहे.

दुसरी बाजू भाषेची. चित्रकथेत निवेदनाच्या पट्ट्या सोडल्या तर बहुतेक सारी संहिता फुग्यातील बोलणे असते. तरीही मराठी भाषांतरित चित्रकथेचे फुगे प्रमाण मराठीतच बोलले. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, काळा ‘काया’ होतो, डोळा ‘डोया’ होतो. या न्यायाने वेताळही ‘वेताय’ होणार. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ म्हणणाऱ्या वाचकाने आपले भय कायम दुसऱ्याच्या उच्चारात वाचले. याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरच्या परिसरात, तेराव्या शतकात ‘लीळाचरित्रा’ने बोललेला शब्द बोलल्यासारखा लिहून ठेवला. संवादाचे गद्य हा या भूमीचा पहिला वारसा आहे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा उत्सव करणाऱ्यांनी हा वारसा बोलत्या फुग्यांपर्यंत का पोहोचला नाही, हेही विचारले पाहिजे.

एक गंभीर आक्षेप उरतो: अशा चित्रकथा अंधश्रद्धेला खतपाणी घालतात. ज्या प्रदेशात गाडगे महाराजांनी लोकांच्याच बोलीत बुवाबाजी आणि नवससायास यांवर आघात केले तेथे हा आक्षेप हलका मानता येत नाही. पण २०१३चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा नेमके काय दंडनीय ठरवतो? भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेली मारहाण, चमत्काराच्या दाव्याने केलेली फसवणूक, अमानुष कृत्ये. तो कृतीला पकडतो, कथेला नव्हे. मांत्रिक भुताच्या खरेपणावर पैसा घेतो. चित्रकथा खोटेपणाचा करार करून घाबरवते. किंमत छापलेला, चौकटींत कापलेला, ‘पुढील अंकी’ म्हणून थांबणारा व्हँपायर वाचकाला भयापासून अंतर राखायला शिकवतो. १९५६चा कायदा ज्या रेषेवर घसरला ती रेषा २०१३च्या कायद्याने सावरली. समीक्षा मात्र अजून १९५६तच उभी आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. इंद्रजालच्या मराठी अंकांचे भाषांतर म्हणून संपादन व्हावे, मूळ चित्रपट्ट्यांशी ओळ-ओळ ताडून. ‘लुचाई’ ‘सेलम्स लॉट’शेजारी ठेवून वाचली जावी, दोषारोपासाठी नव्हे, संसर्गाचे तत्त्व कोठे टिकले आणि कोठे मराठी भुतावळीने त्याला वळवले हे पाहण्यासाठी. वऱ्हाडातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी भयकथांची बोली नोंदवावी. हे काम कनिष्ठ वाङ्मयावर दाखवलेली कृपा नव्हे. वेताळाचा प्रश्न ऐकून, उत्तर ठाऊक असतानाही जो गप्प राहतो त्याचे मस्तक फुटते अशी कथेतील अट आहे. मराठी समीक्षेला उत्तर ठाऊक नाही अशी सबब आता चालणार नाही.