आधी रक्त तपासा, मग सुई टोचा

गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शिरताच आवारातला लोखंडी खोडा दिसतो. जनावर त्यात उभे करून इंजेक्शन देतात, गाभण आहे का ते तपासतात. आत लसींसाठी फ्रीज असतो. लाळ्या-खुरकुताची लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावी लागते. कृत्रिम रेतनाच्या मात्रा द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर राहतात. या सोयी हव्यातच. पण टेबलावर सूक्ष्मदर्शक आहे का आणि तो वापरला जातो का, हेही पाहायला हवे.

संकरित गाईला सडकून ताप आला, खांद्यापुढची गाठ सुजली, दूध आटले, तर गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरियासिसचा संशय येतो. कानाच्या शिरेतले थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरून, रंगवून पाहिले तर तांबड्या पेशींतले परजीवी दिसू शकतात. त्यावर ब्युपारव्हाक्वोन हे औषध आहे. पेनिसिलिनने हा आजार हटत नाही.

तपासणी न करता अंदाजाने प्रतिजैविक टोचले, तर उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात. औषधाचा अंश दुधात उतरतो आणि जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. ते दूध घरोघरी जाते, म्हणून हा प्रश्न गोठ्यापुरता नाही. दवाखान्याच्या इमारतीला रंग देण्याआधी तिथे सूक्ष्मदर्शक आणि काचपट्टी वाचता येणारा माणूस द्यावा. ग्रामसभेने पहिली मागणी हीच करावी.