खांबांचा कोट

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात स्पार्कब्रूक आणि वॉशवुड हीथ या दोन वस्त्या आहेत. मुस्लिम कुटुंबे इथे मोठ्या संख्येने राहतात. 2010 साली तिथल्या रस्त्यांवर नवे खांब उभे राहू लागले, खांबांवर कॅमेरे. गुन्हे आणि गुंडगिरी रोखण्यासाठी आहेत, असे लोकांना सांगितले गेले. यावर नाही कोण म्हणेल?

पुढे उघड झाले की सुमारे 30 लाख पौंडांचा हा पैसा दहशतवादविरोधी निधीतून आला होता. एकूण 218 कॅमेरे, त्यांतले 72 छुपे. बरेचसे गाड्यांची नंबरप्लेट वाचणारे. हा प्रकार नीट समजून घ्यायला हवा. साधा कॅमेरा चित्र दाखवतो. ते कोणी पाहिले नाही तर नुसतेच पडून राहते. हा कॅमेरा नंबर वाचतो, वेळेसह संगणकात टाकतो आणि इतर नोंदींशी ताडून पाहतो. खांब नेमके वस्तीत येण्याजाण्याच्या वाटांवर होते. आजीला दवाखान्यात न्या, जुम्म्याला मशिदीत जा, लेकीला माहेरी आणा, प्रत्येक फेरीची नोंद होणार होती. एक वीट न रचता वस्तीला कोट बांधला गेला, वेशीसुद्धा बसल्या.

रहिवाशांनी सभा घेतल्या, नगरसेवकांना जाब विचारला. इतर धर्मांचे शेजारीही सोबत आले, नागरी हक्कांसाठी काम करणारी ‘लिबर्टी’ संस्था कोर्टात जायला सज्ज झाली. मग पोलिसांनी कॅमेऱ्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या! थेम्स व्हॅली पोलिसांच्या प्रमुख सारा थॉर्नटन यांनी चौकशी करून कडक अहवाल दिला. 2011 मध्ये कॅमेरे उतरवले गेले.

आपल्याकडेही सोसायटीच्या गेटवर, मोहल्ल्याच्या नाक्यावर कॅमेरे लागत आहेत. आमचा त्यांना विरोध नाही. शाळेच्या गेटवरचा कॅमेरा आम्हालाही बरा वाटतो. पण त्याआधीच्या बैठकीत किंमत विचारली जाते, चहा होतो आणि मंडळी उठतात. चित्रण किती दिवस ठेवणार? कोणाच्या मोबाइलवर दिसणार? पोलिसांनी मागितले तर लेखी घेणार की तोंडी? आणि कॅमेऱ्याचे तोंड कोणाच्या खिडकीकडे? हा शेवटचा प्रश्न बायकांनाच आधी सुचेल, कारण गच्चीवर कपडे वाळत घालणारी आणि ओट्यावर लसूण सोलत बसणारी तीच असते. बैठकीत मात्र ती नसते. पुढच्या वेळी निरोप आला की प्रत्येक घरातून एकीने तरी जावे, आणि उत्तरे वहीत लिहून घ्यावीत.