पाथर्डीच्या ठाण्यात कसले गुपित?



कापूस घेऊन व्यापाऱ्याच्या दारात गेलो की आपण सगळ्यांत आधी कशाकडे पाहतो? काट्याकडे. काट्याच्या आकड्यावर नजर ठेवली म्हणून आजवर कोणा व्यापाऱ्याने आपल्यावर फिर्याद केलेली नाही. फार तर तोंड वाकडे केले असेल. मग पोलीस ठाण्यात चाललेले बोलणे मोबाईलवर टिपले, तर आपण देशाच्या शत्रूचे हेर कसे ठरतो?

हा प्रश्न मी हवेतून काढलेला नाही. आपल्याच जिल्ह्यात, पाथर्डीत, तो उभा राहिला आणि थेट उच्च न्यायालयात गेला.

एप्रिल २०२२ मधली गोष्ट. तिघे जण घरात शिरले आणि आईला मारहाण केली, अशी दोन भावांची तक्रार. ते पाथर्डी पोलीस ठाण्यात गेले. तेथे अदखलपात्र नोंद झाली. ‘एन. सी.’ म्हणजे काय हे कोरडवाहू माणसाला वेगळे सांगायला नको. बांध कोरला, एन. सी. उभ्या ज्वारीत गुरे घातली, एन. सी. कागद हातात मिळतो, पण मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास होत नाही. घरात घुसून मारहाण झाली तरी एवढेच का, असे या भावांनी विचारले. पोलिसांशी झालेले बोलणे मोबाईलवर टिपले आणि ते पुढे करून पोलीस महासंचालकांकडे तक्रार केली.

त्यानंतर गुन्हा दाखल झाला तो या भावांवरच. धमकी आणि कट ही कलमे होतीच, पण वर लावला होता १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम. इंग्रज सरकारने केलेला हा कायदा. त्याचे तिसरे कलम हेरगिरीचे आहे. मामला लष्करी ठिकाणाचा असेल तर चौदा वर्षांपर्यंत, एरवी तीन वर्षांपर्यंत कैद. आईला मारले म्हणून दाद मागायला गेलेला माणूस हेर ठरला!

सप्टेंबर २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या न्यायमूर्ती विभा कंकणवाडी आणि न्यायमूर्ती एस. जी. चपळगावकर यांनी निकाल दिला. या कायद्यात ‘प्रतिबंधित ठिकाण’ म्हणजे काय याची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येत पोलीस ठाणे येत नाही. म्हणून ठाण्यातले बोलणे टिपले ही हेरगिरी होत नाही. त्या कायद्याखालचा आरोप रद्द झाला. अशाच एका वर्ध्याच्या प्रकरणात नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्येच हे सांगितले होते. तेथेही शेजाऱ्याशी भांडण झाले होते, ठाण्यात चित्रण केले होते आणि कलम हेच लावले होते. म्हणजे वर्ध्यात जे ठरले ते पाथर्डीतल्या माणसाला पुन्हा वकील लावून ठरवून घ्यावे लागले, आणि त्यात दोन वर्षे गेली. दोन वर्षांच्या तारखा म्हणजे किती वेचण्या आणि किती पेरण्या, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

निकालाचा अर्थ मात्र फुगवू नका. न्यायालयाने कुणाला ठाण्यात वाटेल तसा कॅमेरा फिरवायचा परवाना दिलेला नाही. हे हेरगिरीचे कलम येथे लागत नाही, एवढेच म्हटले आहे. धमकी दिली असेल, अंगावर धावून गेला असेल, तर ती कलमे आपापल्या जागी आहेतच.

प्रतिबंधित ठिकाण कसे असते हे राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यातल्या माणसाने दिल्लीच्या वकिलाला शिकवावे. के. के. रेंजच्या तोफा त्याने लहानपणापासून ऐकल्या आहेत. लष्कराचा सरावाचा मुलूख, दारूगोळ्याचे कोठार, लष्करी छावणी ही ती ठिकाणे. तेथे मोबाईल काढायचाच नाही. दुसरी एखादी सरकारी जागा केंद्र सरकारला प्रतिबंधित करता येते, पण त्यासाठी अधिसूचना काढावी लागते आणि तिची प्रत इंग्रजीत व स्थानिक भाषेत त्या जागेवर लावावी लागते. जमादाराने हात वर केला म्हणून एखादी जागा गुपित होत नाही.

आता ठाण्याबाहेर या. रस्ता, आठवडे बाजार, तहसीलचे पटांगण. येथे जे उघड्या डोळ्यांना दिसते ते टिपायला सरसकट मनाई करणारा कायदा या देशात नाही. राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने बोलण्याचे, मत मांडण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यावर बंधन घालायचे तर ते कायद्याने घालावे लागते. ‘शूटिंग बंद कर’ हा तोंडी हुकूम म्हणजे कायदा नव्हे. रस्ता मोकळा करा, मागे सरका, हा हुकूम मात्र पाळायचा. दहा पावले मागे सरकूनही चित्र येते. पोलिसाच्या तोंडासमोर मोबाईल नाचवला, त्याचा हात धरला, की सरकारी कामात अडथळ्याचे कलम आपणच त्याच्या हातात दिले म्हणून समजा.

हे मी शहाणपणाने सांगतो आहे खरा, पण माझे काय झाले ते ऐका. काही वर्षांपूर्वी एका बाजाराच्या गावी मालाचा टेम्पो अडवून घासाघीस चालली होती. मी फोटो काढला. एका हवालदाराने मोबाईल मागितला, फोटो पुसला आणि मोबाईल परत दिला. मी काय केले? हात जोडले आणि ‘उपकार झाले साहेब’ म्हणालो. माझीच वस्तू, माझाच पुरावा, आणि उपकार त्याचे! रात्रभर झोप लागली नाही. कलम विचारायला हवे होते, ते सुचलेच नाही.

कलम आज सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. गुन्ह्याचा संशय असलेली वस्तू पोलीस १०६ व्या कलमाखाली ताब्यात घेऊ शकतात, पण तशी नोंद करून मॅजिस्ट्रेटला कळवावे लागते. आणि १०५ वे कलम म्हणते की झडतीचे व वस्तू ताब्यात घेण्याचे दृकश्राव्य चित्रण झाले पाहिजे, शक्यतो मोबाईलवरच. म्हणजे तुमचा मोबाईल जप्त करायचा तर पोलिसांनी आधी आपला मोबाईल सुरू करायचा! घेऊन, पुसून, परत देण्याची तरतूद कोणत्याही कलमात नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये शेवगाव तालुक्यात उसाच्या दराच्या आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी जखमी झाले. अशा दिवसानंतर पहिला वाद हाच असतो की आधी सुरुवात कोणी केली. पोलिसांकडे स्टेशन डायरी असते. आपल्याकडे काय असते? दहा जणांच्या दहा आठवणी. म्हणून गर्दीत दोघे-तिघे फक्त टिपण्यासाठी बाजूला उभे असावेत. त्यांनी घोषणा द्यायच्या नाहीत आणि दगडाला तर शिवायचेच नाही.

टिपलेले सांभाळायचे कसे, हे जालन्याच्या निवडणूक खटल्याने दाखवले. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणावर तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२० चा निकाल असा की मूळ यंत्र मालकाने स्वतः न्यायालयात हजर करून शपथेवर सांगितले तर वेगळे प्रमाणपत्र लागत नाही, प्रत दिली तर लागते. आपली पोरे काय करतात? सगळ्या गावाला पाठवतात आणि जागा भरली म्हणून मूळ पुसून टाकतात. मूळ पुसू नका. गाणे लावून कापाकापी तर मुळीच करू नका.

आणखी एक. अत्याचार झालेल्या बाईची किंवा लेकराची ओळख पटेल असे चित्र पसरवणे हा गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह टिपणारे कॅमेरे बसवायला आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष, जपायला सांगितले आहे. भिंतीवर सरकारचा कॅमेरा कायदेशीर, तर बाकावर बसलेल्या फिर्यादीचा बेकायदा का? जिल्हा बैठकीत ठराव मांडावा अशी माझी सूचना आहे. नगर जिल्ह्याच्या प्रत्येक ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत का, हे पोलीस अधीक्षकांकडून माहिती अधिकारात लेखी मागावे, आणि पाथर्डी व वर्धा या दोन्ही निकालांच्या मराठी प्रती प्रत्येक तालुक्याला द्याव्यात. ज्याची तक्रार ठाण्यात अडली असेल त्याने ठाण्यात गेल्याची तारीख आणि वेळ त्याच दिवशी लिहून ठेवावी. वर्ष उलटले की भिंतीवरचे चित्रण मिळेल याची खात्री नाही.